रांजणाजवळ वाईट बोलायचे नाही

मित्रांनो, आधी नाक धरा आणि मगच जवळ या. मी निळीचा जुना रांजण आहे आणि मला वास येतो, हे मला कोणी नव्याने सांगायला नको. सुगंधच हवा असेल, तर अत्तराच्या बाटलीला तिची जीवनकहाणी विचारा. ती सांगेलही, पण दोन थेंबांत संपेल. माझी गोष्ट खोल आहे. तिच्यात एक रंगारी आहे, त्याचे भरले घर आहे आणि एक असे नवल आहे, जे पुन्हा माती होईपर्यंत मला पुरेल.

ते नवल आधीच सांगून टाकतो. मी जन्मभर कापड निळे केले. पण माझ्या पोटात निळा रंग कधीच नव्हता! माझ्या आतले पाणी असते हिरवट-पिवळे. पांढरे कापड त्यात बुडवून, हळूच पिळून बाहेर काढले, की तेही तसेच हिरवट दिसते. मग त्याला वारा लागतो. आणि कोणी हात न लावता, बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, ते निळे होऊ लागते. आधी कडा निळ्या होतात, मग चुण्या, मग सगळे कापड. मी हे किती वेळा पाहिले असेल त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी माझा श्वास अडकला आहे. रांजणाला कसला आलाय श्वास, असे म्हणता? मग पुढे ऐका.

माझा जन्म गावाबाहेरच्या एका कुंभाराच्या हातून झाला. माझ्याएवढा रांजण चाकावर मावत नाही. त्यामुळे कुंभार मातीच्या जाड वळकट्या एकावर एक रचत माझ्याभोवती स्वतःच गोल फिरायचा. भट्टीतून निघालो तेव्हा माझा काठ एका बाजूला किंचित झुकलेला निघाला. मला एका धान्याच्या व्यापाऱ्याने सांगून करवून घेतले होते. त्याने मला पाहिले आणि नाक मुरडले.

"वाकड्या तोंडाचा रांजण दुकानात ठेवू? गिऱ्हाईक म्हणेल, मापही वाकडंच असणार!"

असा मी जन्मतःच नापास झालो. कुंभाराच्या अंगणात कोंबड्या माझ्या सावलीला बसत आणि मी त्यांच्या उपयोगी पडतो आहे, अशी स्वतःची समजूत घालत असे.

एके दिवशी पाठीवर कापडाचे गाठोडे घेतलेला एक तरुण फेरीवाला तिथे आला. ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. आगगाडी अजून त्या गावात पोचली नव्हती आणि विजेचे दिवे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. या तरुणाचा बाप हमाल होता. बापाने ओझी वाहिली, आता मुलगाही ओझेच वाहत होता, फक्त गाठोडे स्वतःचे होते एवढाच फरक. पण त्याने आपल्या मामाकडे राहून निळीचे काम शिकून घेतले होते. त्याने माझ्या आत डोके घातले, एक हाक मारली, माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा चालेल. रंगाला तोंड सरळ लागत नाही, पोट मोठं लागतं."

त्या एका वाक्यासाठी मी त्याचा जन्माचा ऋणी झालो.

भाड्याच्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत खड्डा खणून त्याने मला गळ्यापर्यंत पुरले, म्हणजे जमिनीची ऊब मला लागत राहील. मग निळीच्या वड्या वाटून घातल्या, गव्हाचा कोंडा घातला, चुन्याचे पाणी घातले. पण एवढ्याने रांजण लागत नाही, मित्रांनो. दूध कितीही चांगले असले तरी विरजणाशिवाय दही लागते का? तसेच इथेही. जिवंत रांजणातले थोडे पाणी नव्यात घालावे लागते. त्याचा मामा स्वतः ते घेऊन आला. रजईत गुंडाळलेली घागर त्याने पोटाशी धरली होती, तान्ह्या बाळासारखी.

"जपून रे," मामा म्हणाला. "मला हे माझ्या मावशीनं दिलं. तिला तिच्या सासूनं दिलं. त्याआधीचं कुणाला ठाऊक नाही. आणि एक लक्षात ठेव. रांजणाजवळ वाईट बोलायचं नाही. भांडण नाही, रडगाणं नाही, अशुभ बातमी नाही. रांजण रुसतो."

मग ती घागर माझ्यात रिकामी झाली. काय सांगू तुम्हाला! आजवर मी माती होतो. त्या क्षणी माझ्यात काहीतरी हलू लागले. त्या खोलीतल्या कोणाहीपेक्षा ते वयाने मोठे होते आणि तरीही ताज्या दुधाइतके जिवंत होते. काही दिवसांत माझ्या पाण्यावर तांबूस साय धरली आणि मधोमध निळसर फेसाचा गेंद उमलला. रंगारी लोक त्याला 'फूल' म्हणतात. फूल आले म्हणजे रांजण लागला.

पहिले कापड म्हणून रंगाऱ्याच्या बायकोने अंथरुणावरची एकुलती एक धड चादर ओढून आणली. तो म्हणाला, "अगं, बिघडली म्हणजे?" ती म्हणाली, "बिघडली तर जमिनीवर झोपू. घाला!"

चादर बुडाली, निघाली, हिरवी. बाईचा चेहरा पडला. तेवढ्यात दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि चादरीच्या कडा निळ्या होऊ लागल्या. ती नवऱ्याचा हात घट्ट धरून उभी राहिली. चादर पुरती निळी झाली तेव्हा शेजारीपाजारी दारात गोळा झाले होते आणि त्यांच्यातली एक म्हातारी हात जोडून उभी होती.

त्यानंतर रंगाऱ्याने मागे वळून पाहिले नाही. दोन खोल्यांच्या चार झाल्या, मग सगळे घर त्याचे झाले, मग मागचे अंगण, मग रस्त्यावरचे दुकान. माझ्या शेजारी रांजणांची रांग पुरली गेली. प्रत्येकाला लावायला पाणी माझेच. दर आठवड्याला रंगारी माझ्यातून तांब्या-तांब्या काढून सगळ्यांना पाजत असे. म्हणून मला थोरला रांजण म्हणत आणि मीही, खोटे कशाला बोलू, जरा ताठ्यातच असे. लोक आधी रंगाऱ्याला 'निळ्या' म्हणत, पुढे 'निळेशेठ' म्हणू लागले. हात तेच होते, कोपरापर्यंत निळे. फक्त अंगावरचा कोट बदलला होता.

त्या घरात सगळेच निळे होते. दारांच्या कड्या निळ्या, तांब्याचे कान निळे, पाळण्याची दोरी निळी. घरची मांजर मूळची कोणत्या रंगाची, यावर गावात पैजा लागत.

आणि मामाचा नियम म्हणजे दगडावरची रेघ होती. माझ्या खोलीत कोणी आवाज चढवत नसे. भांडण झाले तर दोघेही चिडीचूप अंगणात जात, तिथे यथेच्छ भांडत आणि हसऱ्या चेहऱ्याने परत येत. मुलांनी तर याचा मोठाच फायदा घेतला. खोडी केली, की पळत येऊन माझ्या काठाशी बसायचे. आई उंबऱ्यात उभी राहून अगदी गोड आवाजात म्हणायची, "ये हं बाळा बाहेर. ये तर खरं." बाळ कशाला जाईल?

निळेशेठला तीन मुले. थोरली मुलगी, तिला सगळे ताई म्हणत, आणि तिच्या पाठचे दोन मुलगे. मुलगे मार चुकवायला माझ्याजवळ येत आणि आईचा राग उतरला की पळून जात. ताई मात्र राग उतरल्यावरही बसून राही. ती माझा वास घेई. बोट बुडवून जिभेवर ठेवी, बापासारखे. चुना बरोबर असेल तर माझे पाणी जिभेला हलकेच चिमटा काढते. चिमटा नसेल तर चुना कमी, जोराचा बसला तर जास्त. हे शिकवून येत नाही आणि ताईला ते न शिकवता आले.

"बाबा," ती एकदा म्हणाली, "धाकट्यांना यातलं काही कळत नाही. थोरला रांजण मी बघत जाईन. तुमच्यानंतरही."

निळेशेठ हसले. "वेडी गं. मुलगी सासरी जाते आणि रांजण जागचा हलत नाही. कसं जमायचं? सोड आता हा नाद."

ते वाईट बोलले नव्हते. आवाज तर अगदी लाडाचा होता. पण ताई उठली आणि तिने माझ्यावर झाकण ठेवले.

तिचे लग्न दूरच्या एका गावात, कपडे शिवणाऱ्यांच्या घरी झाले. निघायच्या दिवशी निळेशेठनी माझ्यातून घागरभर पाणी काढले, रजईत गुंडाळले आणि गाडीत तिच्या पायाशी ठेवले. भावांनी एकमेकांकडे पाहिले. बहिणीला कोणी घाणेरड्या पाण्याची घागर देते का?

"कशाला हे?" ताई म्हणाली. "नाद सोड म्हणालात ना?"

निळेशेठनी घागरीभोवतीची रजई नीट खोचली. गाडी निघून गेली. पुढे ताई माहेरी यायची, भाचरांना खेळवायची, आईशी गप्पा मारायची. माझ्या खोलीत मात्र तिने पाऊल टाकले नाही. घागरीचे काय झाले, हे निळेशेठनी कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही.

आता गोष्टीतले अवघड वळण येते. निळेशेठ म्हातारे झाले आणि एका पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना त्यांचे नाक आणि जीभ घेऊन गेला. वास नाही, चव नाही. त्यांनी हे कोणालाही सांगितले नाही. सोनाराचे डोळे जावेत तशी रंगाऱ्याची जीभ गेली होती, सांगणार कसे? रोज सकाळी ते पूर्वीसारखेच माझ्यात बोट बुडवत, जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि मान डोलावत.

पण घरात गोष्ट लपते का? एके दिवशी थोरली सून भाजीत मीठ घालायला विसरली. पहिला घास घेताच सगळ्यांचे हात थांबले. निळेशेठचा स्वभाव असा की जेवणात चिमूटभर मीठ कमी पडले तरी घर डोक्यावर घेत. सून मिठाचे भांडे आणायला उठली. निळेशेठनी मात्र शांतपणे भाजी संपवली आणि आणखी वाढायला सांगितली. तेव्हा सगळ्यांना कळले.

त्यांची बायको सगळ्यांना घेऊन अंगणात गेली. "त्यांना कळता कामा नये, की आपल्याला कळलंय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. झाले, अळीमिळी गुपचिळी! निळेशेठ घरापासून लपवत होते आणि घर निळेशेठपासून.

नेमके तेव्हाच गावापर्यंत आगगाडीचे रूळ आले. आगगाडीच्या कंपनीचा साहेब दुकानात येऊन सांगून गेला, की या मार्गावरच्या सगळ्या नोकरांच्या कोटांचे कापड इथेच रंगवायचे. "रंग सगळीकडे एकच हवा. एक ठाण वेगळं दिसलं तर सगळा माल परत." एवढे मोठे काम त्या गल्लीने कधी पाहिले नव्हते. निळेशेठनी नवे कामगार घेतले, पांढऱ्या कापडाची ठाणे छपरापर्यंत रचली. हे काम बिघडते तर रंगशाळेला कुलूप लागले असते आणि तिच्यावर जगणारी सगळी गल्ली उघड्यावर आली असती.

आणि मी आजारी पडलो.

त्याचे असे झाले. निळेशेठ माझे पाणी जिभेवर ठेवत. चिमटा लागत नसे. लागणार कसा? पण जन्मभराच्या सवयीने त्यांचे मन म्हणे, चिमटा नाही म्हणजे चुना कमी आहे. की घातला चुना. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमटा नाही. पुन्हा चुना. माझ्यातले ते जुने, हलते काहीतरी गुदमरू लागले. आधी फूल कोमेजले, मग साय फाटली, मग वास गेला. तुमच्या नाकाला तो आवडत नसेल, पण तो माझा प्राण होता. आणि निळेशेठ दर आठवड्याला माझे पाणी तांब्याने बाकीच्या रांजणांना पाजतच होते. माझा आजार असा रांगेतल्या प्रत्येकाला लागला.

घरात सगळ्यांना दिसत होते. थोरल्या सुनेच्या तर पहिल्याच दिवशी लक्षात आले, कारण तिचे नाक तिखट होते. पण म्हातारे बसलेले सदा माझ्या काठाशी, आणि माझ्या काठाशी वाईट बोलायचे नाही! मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

"काय रे, वास कसा येतोय?" निळेशेठ थोरल्या मुलाला विचारत.

"झकास, बाबा!" थोरला म्हणे, अंगणात जाई आणि डोके धरून बसे.

"फूल कसं आलंय?"

"छान आलंय," धाकटा म्हणे. माझ्या पाण्यावर तेव्हा बुडबुडासुद्धा नव्हता.

मला तोंड आहे, तेही चांगले मोठे, पण बोलता येत नाही याचे दुःख मला त्या दिवसांत झाले तेवढे कधी झाले नाही.

मग कापड घालायचा दिवस उजाडला. पहिले ठाण बुडवले, पिळले, काढले. ते हिरवट नव्हते, मळकट होते. सगळे वाऱ्याची वाट पाहू लागले. वारा आला, कापड फडफडले आणि राखेच्या रंगाचे होऊन लोंबत राहिले. माझ्या आयुष्यात असे पहिल्यांदाच घडत होते.

निळेशेठनी कापड डोळ्यांजवळ नेले. "आज वाराच नाही," ते म्हणाले. मागे दाराचा पडदा फडफडत होता. मग ते वाकले आणि त्यांनी चुन्याची वाटी उचलली.

त्यांची बायको तडक अंगणात गेली. "गाडी जुंप," तिने थोरल्याला सांगितले. "ताईला घेऊन ये. आणि सगळं तिला वाटेतच सांग. इथं आल्यावर पुन्हा तुम्ही सगळे गोडबोले व्हाल."

ताई आली तेव्हा तिच्या मांडीवर रजईत गुंडाळलेली घागर होती. ती घागर उंबऱ्याबाहेर ठेवून, इतक्या वर्षांनी, ती माझ्या खोलीत शिरली. बापाच्या पाया पडली. मग माझ्यात बोट बुडवले, जिभेवर ठेवले आणि थूः करून बाहेर थुंकून आली.

"बाबा," ती म्हणाली, "चुन्यानं रांजण मारलात तुम्ही."

सगळे दारात उभे होते. निळेशेठ ताडकन उठले. "तोंड सांभाळ! रांजणाजवळ असं बोलतात?"

"रांजण मेलाय, बाबा. मेलेल्याला कसलं वाईट वाटणार?" ताईने चुन्याची वाटी उचलून बाजूला ठेवली. "जिवंत होता तेव्हा कुणीतरी बोलायला हवं होतं. तुमची जीभ गेलीये. वास येत नाही तुम्हाला. घरात सगळ्यांना माहीत आहे. बिनमिठाची भाजी दोनदा मागून खाल्लीत तुम्ही."

मित्रांनो, मला वाटले आता आभाळ कोसळेल. निळेशेठनी बायकोकडे पाहिले, मुलांकडे, सुनेकडे. सगळ्यांच्या माना खाली.

"सगळ्यांना माहीत होतं?" ते म्हणाले. "मला वाटलं, फक्त मलाच माहीत आहे."

आणि ते माझ्या काठावर बसले आणि निळ्या हातांत तोंड लपवून रडू लागले. त्यांची बायको शेजारी येऊन बसली. इतक्या दिवसांचे ओझे उतरल्यासारखे सगळे घरच रडू लागले. माझ्याजवळ कोणी रडलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरे सांगतो, मला अजिबात राग आला नाही.

मग ताईने पदर खोचला. मुलांनी माझे मेलेले पाणी उपसले, आत उतरून मला घासले. नवी नीळ, कोमट पाणी, कोंडा पडला, चुना ताईच्या जिभेने ठरवला. शेवटी तिने उंबऱ्यावरची घागर आणली.

"हे कुठलं?" निळेशेठनी विचारले.

"तुम्हीच दिलेलं."

"अजून जिवंत आहे?" म्हाताऱ्यांचा विश्वास बसेना. "एवढी वर्षं ठेवलंस कसं?"

"सासूबाई रोज म्हणायच्या, ही घाण फेकून दे. मी रोज म्हणायचे, उद्या फेकते." ताई पहिल्यांदाच हसली. "मग त्यांच्या पांढऱ्या शालीला गंजाचा डाग पडला. ती मी निळी करून दिली. आता घरात रांजण आहे आणि कोंडा घालायला त्याच आधी उठतात."

घागर माझ्यात रिकामी झाली. मी ओळखले! मी कधीकाळी दिलेलेच ते होते, मामाचे, मामाच्या मावशीचे, तिच्या सासूचे. परक्या घरातल्या चुलीजवळ वाढून, शिव्या खाऊन, ते माझ्याकडे परत आले होते. आईने लेकीला जन्म द्यावा आणि एके दिवशी लेकीने आईला, असे ऐकले आहे का कधी कोणी?

पुढचे दिवस कठीण गेले. झाकणावर रजया, भोवती गवताच्या पेंढ्या, आणि काठाशी बाप-लेक. एकदा निळेशेठ म्हणाले, "मामाला रांजण मावशीकडून आला. मावशीला सासूकडून. हे मला तोंडपाठ होतं. तरी तुला नाही म्हणालो. चुकलंच माझं." मग घाईने म्हणाले, "हे रांजणाजवळ बोललेलं चालेल ना गं?"

"चालेल," ताई म्हणाली.

फेस आला. सगळे घर धावत आले. निळेशेठनी सवयीने विचारले, "कसा आहे?"

"झकास!" दोन्ही मुलगे एका सुरात म्हणाले.

निळेशेठचे लक्ष थोरल्या सुनेकडे गेले. तिने नाक किंचित वाकडे केले होते. "तू सांग," ते म्हणाले. "घाबरू नको. इथंच सांग, रांजणासमोर."

सून पुढे आली. "अजून कच्चा आहे, बाबा. आज कापड घालू नये."

ताईने बोट बुडवून पाहिले आणि मान डोलावली. निळेशेठ मोठ्याने हसले. "बघा! मला जीभ आली!"

त्या दिवसापासून ती सून माझ्या काठाशी बसू लागली. फूल पुरते उमलले तेव्हा तिनेच सांगितले आणि पहिले ठाण बाप-लेकीने दोन टोकांना धरून बाहेर काढले. हिरवे! मग वारा आला. म्हातारे डोळे मोठे करून, पहिल्या चादरीच्या दिवशी पाहिले होते तसे पाहत उभे राहिले. कापड निळे होत होत त्यांच्या हातांपर्यंत आले आणि हात कुठे संपतात नि कापड कुठे सुरू होते ते कळेना.

ताई परत गेली, तिच्या रांजणाकडे. नंतर बाकीचे रांजण माझ्या नव्या पाण्याने लागले. माल उशिरा गेला आणि साहेब बराच कुरकुरला, पण एकही ठाण परत आले नाही. गावात पहिली आगगाडी आली तेव्हा निळेशेठ नातवंडांना घेऊन स्टेशनात गेले. मी गेलो नाही, मी पुरलेला आहे, ऐकीव सांगतो. लोक इंजिनाकडे पाहत होते. निळेशेठ मात्र इंजिन सोडून कोटांकडे पाहत होते.

पुढे काय झाले ते तुम्ही ओळखलेच असेल. निळेशेठ गेले. सुनेने कितीतरी वर्षे मला सांभाळले. मग डब्यांतून तयार निळी पूड येऊ लागली. तिला ना कोंडा लागे, ना विरजण, ना जीभ. एकेक रांजण रिकामा झाला, शेवटी मी. नातवंडांनी तयार कपड्यांचे दुकान काढले, पणतवंडे नोकरीसाठी पांगली. आता या खोलीत मोटारसायकली दुरुस्त होतात. माझ्या तोंडावर फळी असायची, आणि फळीच्या फटीतून माझ्या पोटात काय काय येऊन पडायचे! चॉकलेटचे कागद, खिळे, एकदा तर एक चप्पल. मोटारसायकलीवाला हा निळेशेठचा खापरपणतू. त्याला हे माहीत आहे, पण फरशी सारखी करून मला बुजवावे असे त्याच्या मनात आले होते.

काही दिवसांपूर्वी एक बाई आली. ताईच्या गावाहून, ताईच्या वंशातली. तिच्या मांडीवर एक प्लॅस्टिकचा कॅन होता, शालीत गुंडाळलेला. तिने फळी सरकवली, माझ्यात डोके घातले आणि एक हाक मारली. माझा आवाज ऐकून ती खापरपणतूला म्हणाली, "दादा, रागावू नका, पण लाज वाटायला हवी तुम्हाला. एवढं चांगलं पोट आणि त्यात चप्पल?"

तो ओशाळला. मग गालातल्या गालात हसला. मग चप्पल काढायला स्वतः आत उतरला. पुढे नीळ, कोंडा आणि चुना घालून बाईने तो कॅन माझ्यात रिकामा केला, आणि मी ते पाणी पुन्हा ओळखले.

म्हणून, मित्रांनो, जाता जाता एवढेच मागतो. कुठे जुना रांजण दिसला तर त्यात कचरा टाकू नका. आणि तुमच्या घरी कोणा म्हाताऱ्या माणसाची जीभ गेली असेल, डोळे गेले असतील, हात थरथरत असेल, तर अंगणात जाऊन कुजबुजू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्यालाच सांगा. माणसे त्याने रुसत नाहीत. रांजणसुद्धा रुसत नाहीत, हे मी स्वतः सांगतो आहे.

आज सकाळी मला फूल आले. खापरपणतूच्या लहान मुलीने आपला रुमाल माझ्यात बुडवला, पिळला, वर काढला आणि तिचा चेहरा पडला. "आत्या, हा तर हिरवाच आहे!"

बाई नाक वर करून माझा वास घेत होती. "थांब जरा," ती म्हणाली. "दारात जा आणि वाऱ्यावर धर."